पोचल्याचा मिस कॉल

व्हिएतनामचं ठरलं तसं बायकोनं बॅगा काढल्या आणि मी फोनचा अभ्यास काढला. आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळलेल्या विजेच्या मोटारी उसवून, तारेचे वेढे मोजून मी ते काम शिकलो, कुणाच्या हाताखाली राहिलो नाही. तेव्हा "सिमचं आम्ही बघतो" म्हणणाऱ्या टूरवाल्यावर विसंबणं शक्यच नव्हतं. आठ दिवसांचं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं सिम, ऑनलाइन घेतलं, कोड घरीच स्कॅन केला. तुम्हीही घरीच करा, कारण त्या स्कॅनलाच नेट लागतं.

निघायच्या आदल्या दिवशी गारगोटीला चुलत्यांना, अण्णांना, भेटून आलो. वडील गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं. त्यांच्याकडं बटणांचा साधा फोन. आमचा जुना रिवाज असा की कुठंही पोचलं की दोन रिंगा द्यायच्या आणि तोडायचं. ते उचलत नाहीत. रिंग वाजली की निवांत होतात.

"इमानातनं उतरलास की मिस कॉल टाक," अण्णा म्हणाले.

"टाकतो की."

मुंबईच्या विमानतळावर रोमिंगचं बिल नको म्हणून आपलं सिम पिनेनं काढलं आणि पासपोर्टच्या कव्हरात चिकटपट्टीनं लावलं. बायको म्हणाली, "मग अण्णांना कसं कळणार?"

"आठ दिवसांत परत येतोयच की," मी म्हणालो. विसरलो असतो तर बरं होतं. मी विसरलो नव्हतो.

हनोईत उतरल्यापासून नेट पळत होतं. शाकाहारी असाल तर 'चाय' हा त्यांचा शब्द पाठ करा, अर्थ चहा नव्हे, शाकाहारी, आणि भाषांतराचं ॲप दाखवून मासळीचा रस्सा नको हे वेगळं सांगा. रस्ता ओलांडताना थांबू नका, पळू नका, एका चालीनं जा. स्कूटरी तुम्हाला वळसा घालतात. निन्ह बिन्हला बसनं दोन तास लागले. तिथली होडीवाली बाई पायानं वल्ही मारत होती. फोटो लगेच घरच्या ग्रुपवर टाकले. अण्णा अर्थातच त्या ग्रुपवर नव्हते.

पाचव्या दिवशी हा लाँगचा उपसागर. पाण्यातून सरळ वर आलेले डोंगर आणि दिवसभर राखेसारखं आभाळ. बोटीवर हातकणंगल्याचा एक गडी भेटला. तो आपलं भारतातलं सिम तसंच चालू ठेवून आला होता. फोन वाजला, त्यानं उचलला आणि सगळ्या बोटीला ऐकू जाईल असा ओरडला, "याली व्हय? रेडी का रेडा?"

मी त्याला म्हणालो, "पावणं, म्हशीच्या बातमीला रोमिंग जाळता?"

"जळंना का," तो म्हणाला. "घरात म्हातारी एकटी हाय. फोन लागला न्हाय तर जेवत न्हाय ती."

मी हसलो. त्याला ई-सिमचे फायदे पाच मिनिटं समजावून सांगितले. त्यानं ऐकून घेतलं.

परत मुंबईत उतरलो. बेल्टवर बॅग यायच्या आधी चिकटपट्टी सोडवून सिम घातलं. मेसेज येऊ लागले: आपला फोन बंद असताना या नंबरवरून कॉल आले होते. सतरा. सगळे अण्णांचे. अठरावा त्यांच्या शेजारच्या सलीमभाईंचा, त्याच दिवशी सकाळचा. त्यांना फोन लावला.

"अण्णांना झटका आलाय. कोल्हापूरला दवाखान्यात आणलंय. तुमचा फोन बंदच लागतोय की वो."

कोल्हापूरला पोचलो तो थेट दवाखान्यात. अण्णांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. काकू पायाशी बसल्या होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "रोज डेरीला दूध घालून आलं की ह्ये फोन घिऊन बसायचं. पोरगं उतरलं का न्हाय, एवढंच. जगाची रेंज हाय तुझ्याकडं. आमची तेवढी नव्हती."

डॉक्टर म्हणतात, झटक्याचा आणि फोनचा संबंध नाही. मी तीनदा विचारलं.

जाणाऱ्यांसाठी नीट लिहितो. ई-सिम जरूर घ्या, पण आपलं सिम काढू नका. डेटा रोमिंग तेवढं बंद ठेवा आणि कॉलपुरतं छोटं रोमिंग पॅक निघायच्या आधी टाका. हे मला पाच मिनिटांत सापडलं असतं. मी फक्त नेटचा अभ्यास केला होता.

अण्णा आता गारगोटीला घरी आहेत. दुकान बंद करून घरी पोचलो की मी रोज दोन रिंगा देतो आणि तोडतो. काकू सांगतात, वाजलं की त्यांची मान फोनकडं वळते. मग मी फोन हातात धरून थोडा वेळ बसतो. तिकडून वाजत नाही.