फ्लेक्सवरचं माझं नाव

ज्यांनी चाचांना जिवंतपणी वाळीत टाकलं, त्यांनीच आज त्यांचा फ्लेक्स लावलाय.

कोर्टाच्या गेटसमोर. चांगला मोठा. फोटोही हसरा निवडलाय.

चाचा म्हणजे ॲडव्होकेट मुनीर. आमच्या बारमधले सगळ्यात ज्येष्ठ वकील. काल सकाळी हार्ट अटॅकने गेले.

फ्लेक्सवर खाली 'शोकाकुल' म्हणून नावं आहेत. पहिलं नाव साहेबांचं. त्याच्या खालीच माझं.

मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. साहेब म्हणजे ज्यांच्या नावाची हायकोर्टाच्या जज्जपदासाठी शिफारस झाली होती, ते. आणि त्यांच्याविरुद्ध तक्रार करणारी 'ती बाई' म्हणजे मी.

मी त्यांची ज्युनिअर होते. चेंबरचं दार लावून ते काय करायचे, ते तक्रारीत लिहिलंय. इथे परत लिहिणार नाही.

शिफारस झाल्याची बातमी आली आणि नांदेडभर फ्लेक्स लागले. अजून नेमणूक नाही, ऑर्डर नाही, पण शाल-श्रीफळ तयार. 'मराठवाड्याचा सुपुत्र.' आपल्याकडे बारशाआधीच पेढे वाटतात.

त्याच आठवड्यात माझी तक्रार मुंबईला गेली. ती इथे सगळ्यांना कशी कळली, हे विचारू नका.

मग ग्रुप पेटले. नांदेडचे, लातूरचे, जिथे जिथे काळा कोट आहे तिथले.

"आत्ताच का?"
"एवढी वर्षं झोपली होती का?"
"कोणीतरी पैसे दिले असणार."
"मराठवाड्याचा माणूस वर चालला की आपलेच पाय ओढतात."

लातूरच्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने, जिच्या लग्नात मी करवली होते, तिने याला अंगठा दिला. अंगठा लक्षात राहतो.

लोह्याहून भावाचा फोन आला. "अक्का, गावात लोक इचारून राहिले. माघार घे. आपल्याला न्हाई झेपायचं हे."

तू खरं बोलतेस का, हे त्यानेही विचारलं नाही.

विचारलं फक्त चाचांनी. बाररूमच्या कोपऱ्यात, चहा पुढे सरकवत.

"बेटा, खरं बोलून राहिली ना?"
"हो चाचा."
"मंग बस. चहा घे."

साहेबांच्या सत्काराचा फ्लेक्स लागला तेव्हा त्यावर 'ज्येष्ठ विधिज्ञ मुनीरसाहेब यांच्या शुभहस्ते' असं छापलं होतं. त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. आमच्याकडची पद्धतच आहे. ज्येष्ठ माणूस नाही कुठे म्हणतो?

चाचांनी बारच्या सेक्रेटरीला सांगितलं, माझं नाव काढा.
तो म्हणाला, "चाचा, आता छापून झालंय."
चाचा म्हणाले, "छापलं तुम्ही. हात माझा हाय."

त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

सत्काराच्या दिवशी हॉल भरलेला. चाचांचं नाव पुकारलं. ते स्टेजवर गेले, शाल हातात घेतली, नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली.

"आधी ह्या पोरीचं ऐका. चौकशी करा. साहेब साफ निघाले तर शाल मी सोता घालतो, लई खुशीनं घालतो."

एवढंच बोलले. आवाजसुद्धा चढवला नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, "बसा हो खाली." दुसरा म्हणाला, "ह्यांना आपला माणूस मोठा झालेला बघवत न्हाई."

चाचांचं घराणं कित्येक पिढ्या इथलं. पण त्या दिवसापासून ते 'आपल्या'त बसेनासे झाले.

संध्याकाळी फ्लेक्सवरच्या त्यांच्या नावावर पांढरा कागद चिकटवला होता. त्यांनीच सांगितलं होतं काढायला, तरी तो कागद बघून ते क्षणभर थांबले. मी पाहिलंय.

मग त्यांचा चहा एकट्याचा झाला. म्हणजे त्यांचा आणि माझा, बारच्या पायरीवर दोन खुर्च्या टाकून.

सगळ्यात वाईट शुक्रवारचं. शुक्रवारी चाचा नमाजला जायचे. तेवढ्यात त्यांची केस पुकारली तर समोरचा वकील उठून सांगायचा, "चाचा येताहेत सर, थोडं थांबू." कित्येक वर्षांचा रिवाज. कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळायचे.

तो बंद झाला.

एका शुक्रवारी समोरचा वकील गप्प उभा राहिला. कोर्टाला काय माहीत? केस गैरहजेरीत निकाली निघाली. चाचा धापा टाकत आले तेव्हा फाईल बांधून झाली होती. त्या वकिलाला कोट कसा घालायचा हे चाचांनीच शिकवलं होतं.

त्यानंतर दर शुक्रवारी मी माझी कामं पुढे ढकलून त्यांच्या कोर्टात जाऊन बसायचे. पुकारा झाला की उठायचे.

साहेबांचं नाव नंतर मागे पडलं. कारण कोणी सांगितलं नाही. चौकशी झाली नाही. माझा जबाब आजपर्यंत कोणी घेतलेला नाही. त्यामुळे साहेब साफच राहिले, आणि मराठवाड्याचा जज्ज घालवला म्हणून आम्ही दोघं कायमचे घाण.

आज सकाळी पहिली पोस्ट साहेबांची. 'माझे गुरुतुल्य मार्गदर्शक हरपले.' खाली हात जोडलेल्यांची रांग.

मी सेक्रेटरीला फोन केला. माझं नाव काढा.

"मॅडम, आता छापून झालंय."

तेच शब्द. ऐकून हसूच आलं मला. मग रडू आलं.

पांढरा कागद आणि डिंक घेऊन गेले. बारच्या पायरीवरून माझी खुर्ची आणली, चढले आणि माझ्या नावावर कागद चिकटवला. कोणीतरी व्हिडिओ काढला. ग्रुपवर आलाय. 'शोकसभेच्या दिवशी पण हिला राजकारण सुचतं.'

सुचतं. करा फॉरवर्ड.

दुपारी शोकसभा आहे. साहेब बोलणार आहेत, चाचांच्या तत्त्वनिष्ठेवर. मी तेव्हा चाचींजवळ बसलेली असेन.

चाचा, परवा शुक्रवार आहे. बोर्डावर तुमची केस आहे. पुकारा होईल आणि सवयीने मी उठेन.

काय सांगू कोर्टाला?

खुदा हाफिज, चाचा.