भिंगरीची फेरी

“‘च’मध्ये बघ!”

“बघितलं! ‘च’मध्ये चमचे आहेत, चष्म्याची डबी आहे, चहा आहे, चादर आहे. चाव्या नाहीत!”

“असणारच. चादरीच्या पुढे बघ.”

“चादरीच्या पुढे भिंत आहे ताई! आणि चमच्यांच्या अलीकडे काय आहे सांगू? तुमच्या चपला!”

“पिशवीत बांधल्यात ना? मग झालं तर.”

“जगात कुणाच्या घरात चपला आणि चमचे एका फळीवर नांदतात?”

“ज्यांच्या घरात शिस्त असते, त्यांच्या.”

भिंगरीने कपाळावर हात मारला. त्या हातात खळ्ळ् असा आवाज झाला. चाव्यांचा जुडगा तिच्याच करंगळीत अडकलेला होता.

ताईंनी चष्मा वर सरकवला. “काखेत कळसा.”

“पुरे!”

“गावाला वळसा.”

“पुरे म्हटलं ना! आधीच उशीर झालाय.” एका पायात बूट आणि दुसरा बूट हातात, अशी भिंगरी दाराकडे लंगडत निघाली.

“अगं, गोळी घेतलीस का?”

“कुठाय?”

“‘औ’मध्ये. औषधं. सगळ्यात वरच्या फळीवर. स्वर वर, व्यंजनं खाली.”

“आणि तिथवर हात पोचायला स्टूल?”

“‘स’मध्ये. गॅलरीत.”

दार धाडकन आपटलं. गोळी वरच्या फळीवरच राहिली.

आता ही भिंगरी कोण? शहरबसची ड्रायव्हर. बारक्या चणीची, मोठ्या आवाजाची. दोन-दोन पायऱ्या एकदम उतरणारी, बोलताना स्टिअरिंग फिरवल्यासारखे हात फिरवणारी. भिंगरी हे नाव ठेवलं तिच्या थोरल्या नणंदेने, म्हणजे ताईंनी. “ही घरात शिरली की आधी पिशवी एका खोलीत, मग बूट दुसऱ्या खोलीत आणि मग स्वतः तिसऱ्याच खोलीत!” नवरा जहाजावर इंजिनं सांभाळायचा, वर्षातून एकदा घरी टेकायचा. ताई नोकरीतून निवृत्त झाल्या, तेव्हा त्यानेच जहाजावरून फोन करून सांगितलं, “तुम्ही दोघी एकत्र राहा. तुम्हाला सोबत, आणि मला तिकडे निवांत झोप.”

ताई ग्रंथपाल होत्या. सगळी नोकरी त्यांनी पुस्तकं जागच्या जागी लावण्यात आणि लोकांना “हळू बोला” म्हणण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर लावायला पुस्तकं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी घरच लावायला घेतलं. अकारविल्हे! चिठ्ठ्या चिकटवून! साबण, सुई आणि स्टूल एकत्र. बटाटे, बटणं आणि बूटपॉलिश शेजारी-शेजारी. रचनेत एक अक्षर चुकलेलं नव्हतं, आणि वेळेला एक वस्तू सापडत नव्हती.

भिंगरी एरवी हसून सोडून देणारी बाई. पण या वेळी हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. डेपोच्या आवारात एक नवीकोरी बस येऊन उभी होती. जोडबस! दोन डब्यांची, मध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखी घडी असलेली, वळणावर अंग वळवणारी. अजून तिच्या आसनांवरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं. ती पहिल्यांदा रस्त्यावर कोण काढणार, तर भिंगरी! साहेबांनी तिचंच नाव काढलं होतं. भिंगरी त्या दिवशी घरभर नाचली होती.

आणि मग आली वार्षिक तपासणी. डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली, आणि मान हलवली.

“रक्तदाब फार चढलाय. पाणी किती पिता?”

“डॉक्टर, पाणी प्यायलं की उतरावं लागतं. साठ माणसं मागे बसवून कुठे उतरू?”

“जेवण?”

“सिग्नलला.”

“झोप?”

भिंगरी नुसतीच हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “रोज गोळी, वेळेवर जेवण, पाणी, झोप. पुढच्या महिन्यात पुन्हा बघते. आकडा खाली आला नाही, तर स्टिअरिंग नाही. तिकीटखिडकीत बसायचं.”

तिकीटखिडकी! भिंगरीला? वाऱ्याला डब्यात भरून झाकण लावण्यासारखंच ते.

तर त्या सकाळी, गोळी न घेता, हातातला दुसरा बूट स्कूटरवर चढवून ती डेपोत पोचली. आणि पोचल्या पोचल्या जादू झाल्यासारखी शांत झाली. डेपोत एक रिवाज होता. बस बाहेर काढण्याआधी ड्रायव्हरने तिच्याभोवती एक फेरी घ्यायची. नुसतं बघायचं नाही, हात लावायचा. आणि मोठ्याने बोलायचं. मागे मिस्त्री उभा. प्रत्येक गोष्टीला त्याने “पुढे!” म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. एकट्याने घेतलेली फेरी धरायची नाही, कारण एकटा माणूस घाईत स्वतःशीच खोटं बोलतो, असं जुने ड्रायव्हर म्हणायचे.

“डावं पुढचं चाक, ठीक.”

“पुढे!”

“आरसा, ठीक.”

“पुढे!”

“मागचं दार…” भिंगरीचा हात दारावरच राहिला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने दांडा घट्ट धरला.

म्हातारा मिस्त्री जवळ आला. “बाई, तू बसला धरलंयस की बसने तुला?”

“काही नाही हो. सकाळपासून पोटात काही नाहीये.”

“पाणी?”

“नाही.”

“झकास! रेडिएटर कोरडा ठेवून ही गाडी तू फाटकाबाहेर काढशील का?”

“वेडी आहे का मी!”

“तेच विचारतोय,” मिस्त्री म्हणाला, आणि आपली बाटली तिच्या हातात कोंबली. “पी. तोवर ‘पुढे’ म्हणणार नाही.”

भिंगरी चिडली, मग प्यायली. घोट घेता घेता थांबली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच की! इतकी वर्षं चाकाचा एक नट ढिला असला तरी हिच्या हाताला कळायचं, आणि स्वतःच्या बाबतीत? तिने बाटली मिस्त्रीच्या हातात परत आदळली. “मिस्त्रीकाका, तुम्ही म्हणजे ना…!”  पण त्या दिवशी बस चालवताना ती गुणगुणत होती.

संध्याकाळी घरात ठोकाठोकी सुरू झाली. ताई हातातलं सोडून धावत आल्या.

“अगं अगं! भिंतीला भोक? कालच पुसली मी ती भिंत!”

“खिळा आहे. चाव्यांना.”

“चाव्यांना ‘च’ आहे!”

“माझा हात ‘च’पाशी जात नाही, ताई. हात इथे येतो. आत शिरल्या शिरल्या, इथे, असा!” तिने डोळे मिटून हात लांबवला. जुडगा खिळ्यावर खळकन बसला. “बघितलंत? वस्तूचं नाव काय ते सोडा. हात कुठे जातो ते बघा.”

“उद्या म्हणशील, गोळ्या मोरीत ठेवा.”

“अगदी बरोबर! ब्रशच्या पेल्याशेजारी! रोज दात घासायला मी विसरते का?”

“तेही विचारायलाच हवं,” ताई पुटपुटल्या. पण भिंगरीने त्यांचा हात धरून त्यांना खोलीच्या मधोमध उभं केलं होतं.

“मी एकेक बोलणार. हात लावणार. तुम्ही म्हणायचं, ‘पुढे!’”

“मी काय तुझी मिस्त्री आहे?”

“एकटीने घेतलेली फेरी धरत नाहीत. चाव्या, ठीक!”

“…पुढे.”

“ऐकू नाही आलं.”

“पुढे.”

“ताई, ही वाचनालयाची खोली नाही!”

ताईंनी आजूबाजूला पाहिलं, जणू कुणी बोट ओठावर ठेवून उभंच असेल. मग छाती भरून श्वास घेतला आणि अशी आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, “काय झालं हो?”

“पुढेऽऽऽ!”

दोघी हसून हसून खालीच बसल्या.

मग रोजचा हाच खेळ. रात्री जेवणं झाली की उद्याची तयारी. गणवेश खुर्चीच्या पाठीवर, बूट दाराशी, दोन्ही एकत्र. सकाळी फेरी. “गोळी, घेतली.” “पुढे!” “बाटली, भरली.” “पुढे!” “डबा.” “पुढे!” आणि सगळ्यात शेवटी खुद्द गाडी, म्हणजे भिंगरी स्वतः: “मान.” डावीकडे, उजवीकडे. “खांदे.” वर, खाली. “पोटऱ्या.” टाचा उचलून उभं राहायचं. “डोळे.” मिटून पलंगाच्या कडेला नुसतं बसायचं. हे शेवटचं भिंगरीला मुळीच जमायचं नाही. एक डोळा उघडून ती घड्याळ बघायची, आणि ताई गरजायच्या, “पुढे नाही! मिट!”

पाण्याचं कोडंही सुटलं. शेवटच्या थांब्यावरच्या चौकशी-खिडकीतल्या बाईशी तिने दोस्ती केली. बस लागली की खिडकीतून स्वच्छतागृहाची किल्ली आपोआप बाहेर यायची. डबा आता सिग्नलला नाही, तिथल्या बाकावर बसून. सुरुवातीला चौकशीवाली म्हणाली, “तुला बसून जेवताना पहिल्यांदा बघतेय गं.” भिंगरी तोंडात घास घेऊन म्हणाली, “मीही!”

सगळं इतकं सुरळीत चाललं असताना एका सकाळी पेल्याशेजारी गोळ्या नव्हत्या.

“ताई!”

“‘औ’मध्ये आहेत.” ताई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. “मोरीत ओल असते. औषध खराब होतं.”

“मग मोरीबाहेर, माठाशेजारी ठेवायच्या! पार वर कशाला? तपासणी तोंडावर आली माझी! एक गोळी चुकली तर जोडबस गेली, ताई! खिडकीत बसवतील मला!”

“मग बस! माझं तरी काय राहिलंय? चाव्या खिळ्यावर, गोळ्या मोरीत, बूट दाराशी. ‘ब’ निम्मा रिकामा झाला, ‘च’ला कुणी हात लावत नाही. मी काय करायचं दिवसभर या घरात?”

 भिंगरीला उत्तर द्यायचं होतं, झणझणीत. पण नजर गेली ‘च’च्या फळीवर. चपलांची पिशवी. तीच गाठ. वर धुळीचा थर. इतकं पुसपास करणाऱ्या ताई, आणि ही एकच पिशवी त्यांनी कधी पुसली नव्हती. घरी राहायला आल्या, त्या दिवशी बांधलेली गाठ अजून सुटली नव्हती.

 भिंगरीने गॅलरीतून स्टूल आणलं, वर चढून गोळी काढली, घेतली, आणि पाकीट माठाशेजारी ठेवलं. “गोळी, घेतली,” ती हळूच म्हणाली.

ताईंनी पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला.

“पुढे,” ताई ओट्याकडे बघतच म्हणाल्या.

तपासणीच्या दिवशी पट्टा दंडावर आवळला, तेव्हा भिंगरीचं काळीज जोडबसएवढं धडधडत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “शांत बसा.” हे आपल्याला कुठे जमतं, असं तिच्या मनात आलं. मग तिने डोळे मिटले. मान. खांदे. पोटऱ्या. आणि कानात, अगदी वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं, “पुढेऽऽ!” ती हसली. हवा सूंऽऽ करत सुटली.

“छान,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चांगलाच उतरलाय. गोळी सोडायची नाही. पण चालवा बस.”

भिंगरीने त्यांना मिठीच मारली, पट्ट्यासकट.

आणि उजाडला जोडबसचा दिवस! भिंगरी गजराआधी उठली. इस्त्रीचा गणवेश, चकचकीत बूट. फेरी तर अशी झाली की काय सांगावं. हाकेला हाक, एक पाऊल चुकलं नाही. “डोळे” म्हटल्यावर ती चक्क मिटून बसली, आणि ताईंनाच म्हणावं लागलं, “पुरे गं आता, उशीर होईल!”

“झाली माझी,” भिंगरी उठली. “आता तुमची.”

“माझी कसली?”

“फेरी. तासाभरात पहिली गाडी सुटते. पहिल्या खिडकीजवळची जागा तुमची, सांगून ठेवलंय.”

“छे! मला घरात हजार कामं आहेत.”

“कुठली? ‘ज्ञ’पर्यंत लावून झालंय.”

“पुन्हा लावीन.”

“ताई!”

“माझे गुडघे बसच्या पायऱ्या चढत नाहीत.”

“जोडबसला पायऱ्या नाहीत. दार रस्त्याला लागून.”

“गर्दी असेल.”

“असणारच! पहिल्या दिवशी नाही तर केव्हा?”

“मला… मला कोण ओळखतंय बाहेर?”

भिंगरी दाराशी गेली. खिळ्याखाली, जमिनीवर, तिच्या बुटांच्या रिकाम्या जागेशेजारी ताईंच्या चपला होत्या. गाठ सोडलेल्या, पुसलेल्या, पट्ट्याला तेलाचा हात फिरवलेल्या. आदल्या रात्रीच तिने त्या ‘च’मधून उचलल्या होत्या. तिने वाकून एका चपलेला हात लावला, डेपोत लावते तसा.

“चपला, ठीक!” ती खणखणीत म्हणाली, आणि थांबली.

ताई बघत राहिल्या. चपलांकडे. भिंतीतल्या खिळ्याकडे. ‘च’च्या फळीवर पडलेल्या मोकळ्या जागेकडे.

“ताई, मी थांबलेय. तुम्ही ‘पुढे’ म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. येताय ना?”

ताईंनी पदराने चष्मा पुसला. डोळ्यांवर चढवला. एक पाय चपलेत घातला, मग दुसरा. हात लांबवून खिळ्यावरचा जुडगा काढला, दार उघडलं, आणि भिंगरीच्याही आधी जिना उतरू लागल्या.