बोगद्यात अडलेली गाडी

त्या वर्षी सोलापूरच्या घरी गौरींपुढे आम्ही नवराबायकोने आगगाडीचा देखावा मांडला. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून कागदाच्या लगद्याचा डोंगर आणि बोगदा मी केला. बायकोने भुसा रंगवून गवत केलं आणि काड्यापेट्यांचं स्टेशन उभारून त्याला माहेरचं नाव दिलं, दुधनी. हळदीकुंकवाला बायका जमल्यावर मी किल्ली देऊन गाडी सोडली. ती बोगद्यात शिरली, पण बाहेर येईना.

"सिग्नल पडला नसंल की!" शेजारच्या काकू म्हणाल्या.

मी ओशाळून डोंगर उचलला. आत रुळांवर आमची मांजर निजली होती आणि इंजिन तिच्या पोटाला टेकून घरघरत होतं. सगळ्या खो खो हसल्या. मी मांजरीला हुसकायला वाकलो, तर बायको म्हणाली, "झोपू द्या हो तिला. दुधनीला गाडी जरा उशिरा पोचेल."