देवांचं वजन

विमान ठरवायला कुणाचाही फोन आला की अनुसूयाक्का आधी विचारायची, "देव बरोबर येणार आहेत का? किती पौंडांचे?" लोक चिडायचे. एका गिरणीवाल्याने तर मालकांकडे तक्रार केली, की तुमची बाई वेडी आहे. मालक मल्हारराव म्हणाले, "असेल. पण तुम्ही उत्तर द्या." ही सवय तिला बासष्ट सालच्या एप्रिलात जडली. त्याआधी ती शहाण्यासारखी फक्त सामान विचारायची.

अनुसूया बेंगळूरच्या बसवनगुडीची. घरात तीनशे वर्षांची मराठी, अर्धीअधिक कन्नड झालेली. ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. लग्न राहून गेलं. म्हणजे तिनेच ते राहू दिलं. मल्हाररावांची कंपनी म्हणजे गावाबाहेर जक्कूरच्या धावपट्टीकाठची एक पत्र्याची शेड, एक वजनकाटा आणि भाड्याने द्यायची तीन विमानं: चार आसनांचं छोटं, आठ आसनांचं दोन इंजिनी आणि युद्धातून उरलेलं थोरलं डकोटा. खासगी जेट वगैरे तेव्हा परदेशी मासिकांतच दिसायची. कुणाला कुठलं विमान द्यायचं, हे अनुसूया ठरवायची.

"विमान चपलेसारखं असावं," ती म्हणायची. "चावू नये, आणि पायातून गळूही नये."

बेंगळूर तीन हजार फुटांवर. हवा मुळातच विरळ, त्यात उन्हाळ्यातल्या दुपारी आणखी पातळ होते. सकाळी आठ माणसं उचलणारं विमान दुपारी सहा माणसांनाच धापा टाकतं. हे सगळं तिला पाठ होतं. चार वर्षांत तिचा अंदाज एकदाही चुकला नव्हता आणि त्याचा तिला गर्व होता. नव्हता म्हणण्यात काय अर्थ आहे?

त्या दिवशी सकाळी नऊला विश्वेश्वरचा फोन आला. तिच्या पलीकडच्या गल्लीतलं घर. वडील धारवाडला लेकीकडे गेले होते, तिथे अत्यवस्थ झाले. बेळगावपर्यंत विमान हवं, पुढे मोटार.

"माणसं किती?"

"सहा."

"सामान?"

"सामान कसलं अक्का! आहोत तसे निघतोय. अकराला पोचतो."

दोन इंजिनी आणि डकोटा दोन्ही समोर उभी होती. सहा माणसांना डकोटा म्हणजे उंदराला हत्तीची अंबारी. तिने दोन इंजिनी लिहिलं. दहा वाजता डकोटा दुसऱ्या मंडळींना घेऊन मद्रासला गेलं. छोट्याचं इंजिन दुरुस्तीला उघडून ठेवलेलं होतं.

अकराची मंडळी आली अडीचला. पूजा-नैवेद्य झाल्याशिवाय देवांची पेटी बंद होत नाही, आणि मग राहुकाळ लागला. दोन मोटारी आल्या. दुसरीतून सोवळ्यातल्या धोतरात भीमाचार्य उतरले, घरचे पुजारी. पोटाशी पेटी, पाठ वाकलेली. मागून विहिरीच्या पाण्याचे दोन तांब्याचे हंडे आणि चंदनाची सहाण आली.

"हे काय?" अनुसूयेने विचारलं.

"देव," विश्वेश्वरची आत्या अहल्याबाई म्हणाली.

"मी फोनवर सामान विचारलं होतं."

"आणि त्यानं नाही म्हणून सांगितलं. देव म्हणजे सामान होय गं? तू कुठली?"

"बसवनगुडीची."

"आणि तुला एवढं कळू नये?"

पेटीत शंभरावर शाळिग्राम होते, म्हणजे शंभरावर दगड. भीमाचार्य पेटी काट्यावर ठेवू देईनात, तेव्हा ती कवटाळून ते स्वतःच काट्यावर चढले. हंडे उतरवले, सहाण उतरवली, तरी दीडशे पौंड जास्त भरले. वैमानिकाने लोंबत्या वारादर्शक पिशवीकडे पाहिलं. "बेळगावला दिवे नाहीत. हवा गार व्हायची वाट पाहिली तर अंधार होईल. उजेडात उतरायचं तर आत्ताच निघायला हवं."

"आचार्यांना ठेवा," कुणीतरी म्हणालं.

"मग देवांना हात कोण लावणार? हा?" आत्याने विश्वेश्वरकडे बोट केलं. "हॉटेलात जेवणारा? त्यापेक्षा मीच राहते."

"तुम्ही नव्वद पौंडांच्या, आत्या," अनुसूया म्हणाली. "तेवढ्यानं भागणार नाही."

देव ठेवा, असं कुणी म्हणालं नाही. अनुसूयेच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

विश्वेश्वर एकशे शहाण्णव पौंडांचा. त्याने खिशातून तार काढली. "'देवांना घेऊन लवकर या.' यात माझं नाव नाही."

"अरे, तू थोरला—"

"थोरला, म्हणूनच भारी. जा तुम्ही. मी रात्रीच्या गाडीनं येतो." तो हसला. बाकी कुणी हसलं नाही.

विमान पट्टीच्या पार टोकापर्यंत धावत गेलं, मग कसंबसं हवेत उठलं आणि झाडांवरून गेलं. ते दिसेनासं होईपर्यंत विश्वेश्वर हंड्यांपाशी उभा होता.

संध्याकाळी सातला वडील गेले. देवांचं तीर्थ मुखात पडलं. मुलगा सकाळी पोचला.

सतराव्या दिवशी तो हंडे न्यायला आला. डोकं तुळतुळीत, सदरा अंगावर सैल.

"कॅप्टन म्हणतात, कदाचित माझ्यासकटही उडालं असतं."

नाही म्हणून टाकणं सोपं होतं. त्याला तेच ऐकायचं होतं.

"कदाचित," अनुसूया म्हणाली. "पण ते सोडा. त्या सकाळी डकोटा इथंच उभं होतं. मी एक प्रश्न जास्त विचारला असता तर तुम्ही सगळे त्यातून गेला असता."

"आत्यानं सांगितलं नसतं. देवांचं वजन कुणी सांगतं का?"

"मी बसवनगुडीचीच आहे. मला न सांगता कळायला हवं होतं."

त्याने ते खोडून काढलं नाही. तिची तशी अपेक्षाही नव्हती, तरी लागायचं ते लागलं.

जाता जाता तो कोपऱ्यातल्या काट्यावर चढला. "किती?"

"एकशे ऐंशी."

"म्हणजे सोळाच उतरले," तो म्हणाला. हंड्यांतलं सतरा दिवसांचं पाणी त्याने धावपट्टीच्या कडेला ओतलं, रिकामे हंडे मोटारीत ठेवले आणि गेला.

फोन वाजत होता.

"पाच माणसं," पलीकडून कुणी घाईने म्हणालं. "सामान काही नाही."

अनुसूयेने हातातलं पेन खाली ठेवलं.