शांताआत्याचा पेला

कुरुळीच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही पाच जण राहायचो आणि पाणी टँकरचं असायचं. दादा, म्हणजे माझे वडील, कंपनीत कंत्राटावर होते. आई चार घरची भांडी घासायची आणि आमचा हंडा भरला की झाकणावर हात ठेवून उभी राहायची, जणू पाणी उडून जाईल... तरी रोज सकाळी धुक्यातून पहिल्या शिफ्टची बस वळणावर यायची, हॉर्न वाजवायची आणि शांताआत्या आम्हा सगळ्यांना उठवून एकेक पेला पाणी प्यायला लावायची. अर्ध्या झोपेत प्यायलेलं ते गार पाणी मला अजून स्वप्नातलंच वाटतं. आत्या स्वतः पाठमोरी होऊन प्यायची. तिच्या मुठीत गोळी असायची, हे मला बारावीत असताना आईनं सांगितलं. घरातले सगळेच पाणी पितात म्हटल्यावर एकटीचं पिणं कुणाच्या नजरेत येत नाही.

आत्याला जाऊन आता दीड महिना होईल. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. मी ऑफिसात होते. आई फोनवर एवढंच म्हणाली, "आत्या झोपलीय गं..." आणि मला कळलं.

आत्याचा नवरा मराठवाड्यात ट्रकवर होता. त्याच्याकडून एचआयव्ही तिच्याकडे आला आणि तो वारल्यावर सासरी तिचा पेला वेगळा झाला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते आहेर म्हणून, कौतुकानं. तिच्या सासूनं मात्र पेल्यावर 'शांता' कोरून घेतलं ते चुकून दुसऱ्या कुणी तोंडाला लावू नये म्हणून. तोच पेला पिशवीत घालून ती आमच्याकडे आली. आईनं तो काढून घेतला, विसळला आणि मांडणीत आमच्या पेल्यांच्या रांगेत ठेवून दिला. ज्याच्या हाताला येईल त्यानं प्यावं. मी आणि धाकटा भाऊ तर त्याच्यासाठी भांडायचो, कारण नाव घातलेला पेला घरात तेवढाच होता.

चाकणच्या बाजारात ती कांदा निवडायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या केसांत कांद्याची गुलाबी टरफलं अडकलेली असायची, आणि दिव्याखाली ती पाकळ्यांसारखी दिसायची. मी बी.कॉम. झाले, तेव्हा तिनं तसल्याच केसांनिशी माझ्या कपाळाला कपाळ टेकलं. पुरा दिवस माझ्या कपाळाला कांद्याचा वास होता आणि मी तोंड धुतलं नाही.

मी नोकरीला लागले त्याच वर्षी तिला न्यूमोनिया झाला. पिंपरीच्या बाजूच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर तिचे ओठ निळे पडत चालले होते. आयसीयूत खाट एकच रिकामी होती. दादा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, आत्ता आजाराचं बोलू नको, आधी आत घेऊ देत, मग बघू. दादांचं चुकत होतं असं मला अजूनही म्हणवत नाही. सासरच्या माणसांनी जे केलं ते परक्यांनी का करू नये, अशी त्यांना धास्ती होती. पण स्ट्रेचरवरच्या आत्यानं ते ऐकलं. मास्क बाजूला करून म्हणाली, "सांगून टाक, बाई. चोरून मिळालेल्या खाटेवर मला झोप न्हाई लागायची."

मी सांगितलं. तिथला तरुण डॉक्टर दुसऱ्याला हळूच म्हणाला, मग व्हेंटिलेटर लावून उपयोग काय? वैद्यकातलं मला काही कळत नव्हतं. पण साहेबासमोर उभं राहून पूर्ण वाक्य बोलणारी आमच्या घरातली मी पहिली. मी म्हणाले, "तपासून मग ठरवा. आजाराचं नाव ऐकून ठरवू नका."

मोठ्या डॉक्टर मॅडम आल्या. गोळ्या कधी चुकल्यात का, असं त्यांनी विचारलं. मी बसच्या हॉर्नचं आणि पाण्याचं सांगितलं.

"आणि गुरुवारी? कंपनीला सुट्टी असते ना?"

"त्या दिवशी आत्या तोंडानंच हॉर्न वाजवते."

मॅडमच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं. मग त्या तरुण डॉक्टरकडे वळून म्हणाल्या, "एचआयव्ही आहे म्हणून नाही म्हणायचं नाही. यातून उठायची शक्यता किती, एवढंच बघायचं. हिची चांगली आहे."

आमच्याच बाकावर आळंदीकडचा एक मुलगा वडिलांसाठी बसला होता. त्यांनाही तीच खाट हवी होती. मॅडमनी दोघांना तपासलं. त्याचे वडील ऑक्सिजनवर दुसऱ्या दवाखान्यापर्यंत तग धरतील, आत्या वाटेतच जाईल, असं त्यांनी दोन्ही घरांना समोरासमोर सांगितलं. मुलगा उठला. चप्पल घालता घालता मला म्हणाला, "ताई, तुमचं माणूस उठू द्या."

मॅडम नंतर म्हणाल्या, लपवलं असतं तर तिच्या गोळ्या तिथंच थांबल्या असत्या. आता त्या नळीतून दिल्या जात होत्या. काचेपलीकडे यंत्र तिच्या छातीत हवा भरायचं, काढायचं... ते बघताना मला वाटायचं, आत्या खूप लांब, कांद्याच्या ढिगांपलीकडे धुक्यात चालली आहे आणि तिला हॉर्न ऐकू येतोय. रोज सकाळी बसच्या वेळेला मी बाटली उघडून घोटभर पाणी प्यायचे.

घरी आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "त्या आळंदीच्या पोराच्या वडलांचं काय झालं गं?" मला माहीत नव्हतं. नंतरही वर्षानुवर्षं, पाणी पिऊन पेला खाली ठेवताना ती मधूनच ते विचारायची. आम्हाला ते कधीच कळलं नाही.

आता घर पक्कं आहे, नळ आहे. काल हॉर्न वाजला आणि आईनं सवयीनं पेले भरले, एक जास्तीचा. घासून घासून नाव इतकं पुसट झालंय की उजेडात तिरपं धरल्याशिवाय तिचा पेला ओळखू येत नाही. दादांनी हाताला आला तो उचलला आणि एका दमात रिकामा केला. मी तिरपा करून बघितला नाही.

त्या वेळी शांताआत्याला खरं सांगून खाट मिळाली, आणि ती स्वतःच्या श्वासानं चालत घरी आली.