असंबद्ध विधाने

"मराठीत सांगा म्हणावं त्यांना."

अधिकारी हे माझ्या बाबाला बोलला नाही. शेजारी बसलेल्या कारकुनाला बोलला. बाबा त्याच्यापासून चार हातांवर उभा होता. हातात माईक. अंगात लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट. सकाळी आईने त्याला इस्त्री केली होती.

पुढच्या खुर्च्यांवरची माणसं हसली. मोठ्याने नाही. नाकातल्या नाकात. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

शाळेच्या हॉलमधली जनसुनावणी होती ती. मालवणच्या खाली, किनाऱ्यावरच्या एका वाडीत आमचं घर. आम्ही गाबीत, पिढीजात मच्छीमार. बाबा रापणीचा म्होरक्या. होडीतून समुद्रात अर्धा गोल करून जाळं सोडायचं, मग दोन्ही बाजूंच्या दोऱ्या किनाऱ्यावर उभं राहून ओढायच्या. ती रापण. सगळी वाडी लागते तिला. आणि त्याच वाळूवर कुणी तरी पर्यटन प्रकल्प आखला होता. हॉटेल, बगिचा, भोवती कुंपण. तुमची काही हरकत असेल तर बोला, असं सरकारने कळवलं होतं. म्हणून बाबा बोलायला उठला होता.

काय बोलला होता तो? मला शब्द न् शब्द आठवतो.

"रापण ओढूक पन्नास माणसां लागतत. पन्नास माणसांका उभ्या रवाक वाळू लागता. तुमी कुंपण घातलास तर आमी दोरी खंय धरूची? तुमच्या गच्चीर?"

ह्यात न कळण्यासारखं काय होतं? अधिकारी जिल्ह्यात तीन वर्षं होता. मालवणीत मासे मागायचा. मालवणी नाटकाला पहिल्या रांगेत बसून हसायचा. त्याला सगळं कळलं होतं. पण कळलं असं दाखवलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

बाबा गोंधळला. त्याने परत तेच सांगितलं, जरा मोठ्याने. मग अधिकाऱ्याची नजर माझ्यावर आली. मी भिंतीला टेकून उभी. कॉलेजचा ड्रेस, हातात फाईल.

"तुम्ही शिकलेल्या दिसता. काय म्हणणं आहे ह्यांचं?"

इथे थांबते. कारण पुढचं सांगायला मला आजही जड जातं.

मी शाळेपासून वक्तृत्वात बक्षिसं आणलेली मुलगी. आमच्या बाईंनी माझ्या 'न' चा 'ण' करून घेतला होता. माका, तुका वर्गाच्या दाराबाहेर ठेवायची सवय मला सातवीतच लागली. आई शेजारणींना सांगायची, "आमचां चेडू पुस्तकासारख्यां बोलतां." मला त्याचा केवढा गर्व! एवढ्या सगळ्या हॉलमध्ये साहेबाने मला 'तुम्ही' म्हटलं. माझ्या बापाला 'त्यांना' म्हणून बाजूला सारलं आणि मला 'तुम्ही' म्हणून जवळ घेतलं. मी जवळ गेले.

मी म्हटलं, "सर, त्यांना जागेबद्दल थोडी शंका आहे."

थोडी शंका.

साहेब हसला. छान, म्हणाला. शंकेचं निरसन होईल. बसा तुम्ही.

बाबा माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या अनोळखी माणसाचा चेहरा निरखावा तसं बघितलं त्याने. माईक टेबलावर ठेवला आणि जाऊन बसला.

चार महिन्यांनी सुनावणीच्या इतिवृत्ताची प्रत ग्रामपंचायतीत आली. बाबाने मला वाचायला लावलं नाही. मीच जाऊन वाचली.

'स्थानिक मच्छीमारांपैकी एका इसमाने बोलीभाषेत असंबद्ध विधाने केली. उपस्थित सुशिक्षित तरुणीने स्पष्ट केल्यानुसार सदर इसमास किरकोळ शंका होती. तिचे निरसन करण्यात आले. अन्य ठोस हरकत प्राप्त नाही.'

तीनदा वाचलं. बाबाचं बोलणं त्या कागदावर नव्हतंच. त्याचं नावसुद्धा नव्हतं. माझं होतं. म्हणजे नाव नव्हतं, पण माझं वाक्य होतं. साहेबाने माझ्या बापाचं तोंड बंद केलं नव्हतं. त्याने फक्त नोंद घेतली. तोंड मी बंद केलं होतं.

त्याच आठवड्यात वाळूवर सिमेंटचे खांब आले. पिवळ्या रंगाचे. कामगार कुणाशी बोलत नव्हते. खड्डा, खांब, खड्डा, खांब. वर एक ड्रोन गुणगुणत फिरायचं. कुत्री त्याच्याकडे बघून भुंकायची, मग दमून गप्प व्हायची. आम्हीही तसेच. पाऊस संपेपर्यंत कुंपण पूर्ण झालं. त्या हंगामात रापण मोजून तीनदा लागली. तरणी माणसं गोव्याकडच्या ट्रॉलरवर गेली.

आणि घरात दुसरंच सुरू झालं.

आमच्यात बापाला अरे-तुरे करतात. बाबा मला 'गो' म्हणायचा. "जेवलंस गो?" एवढंच रोजचं बोलणं. सुनावणीनंतर काही दिवसांनी मी पडवीत वाचत बसले होते. बाबा दारात आला. उभा राहिला. आणि म्हणाला,

"तुम्ही जेवलात का?"

मला वाटलं टोमणा मारतोय. नव्हता मारत. तो नीट, जपून, एकेक शब्द पारखून बोलत होता. 'का' वर जरासा थांबला, बरोबर बोललो ना असं बघितलं. साहेबासमोर बोलायचं तसं तो माझ्यासमोर बोलत होता. माझ्याशी ज्या भाषेत बोललं की अपमान होतो, ती त्याने सोडून दिली होती.

आई चुलीकडून ओरडली, "कोणाक तुमी म्हणतास? येड लागला?"

त्या दिवसापासून तो माझ्याशी तसंच बोलतो. मी रडले, पाया पडले. "बाबा, माका गो म्हण." तो म्हणाला, "हो, म्हणतो." आणि म्हणाला नाही.

मग मी भाषाविज्ञान शिकायला शहरातल्या विद्यापीठात गेले. ज्या हत्याराने माझ्या हातून हे झालं ते हत्यार मला खोलून बघायचं होतं. विषय घेतला तोच. सुनावणीत माणूस बोलतो काय आणि कागदावर येतं काय. किनाऱ्यावर जिथे सुनावणी लागेल तिथे जायचं, फोनवर सगळं रेकॉर्ड करायचं. नंतर माहितीच्या अधिकारात इतिवृत्त मागवायचं. दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं.

वाचता वाचता भीती वाटायला लागली. जो प्रमाण मराठीत बोलला, त्याचं नाव कागदावर येतं. आडनावासकट. 'श्री' सकट. जो मालवणीत बोलला तो 'एक इसम'. बाई असेल तर 'एक महिला'. चार बायका बोलल्या तर 'काही महिलांनी गोंधळ घातला'. आणि त्या कागदावर कुणीच काही करत नाही. निरसन करण्यात येतं. जागा ताब्यात घेण्यात येते. झाडं तोडण्यात येतात. कुणी घेतली? कुणी तोडली? व्याकरणात कर्ता असतो. इथे तो लपलेला असतो. कुऱ्हाड दिसते, हात दिसत नाही.

माझे मार्गदर्शक सर वाईट नव्हते. विषयाचं कौतुक केलं त्यांनी. म्हणाले, चर्चासत्रात वडिलांचं उदाहरण वाचा, जिवंत आहे. मी वाचलं. रापण ओढूक पन्नास माणसां लागतत. लोक कान देऊन ऐकत होते. "तुमच्या गच्चीर?" म्हटलं आणि हॉल हसला. खदखदून. चष्मे काढून डोळे पुसले लोकांनी. मालवणी ऐकली की त्यांना नाटकच आठवतं. माझ्या बापाची वाळू गेली होती, आणि ते वाक्याला टाळी देत होते.

नंतर चहा पिताना सर म्हणाले, "एकच करा. वडिलांची वाक्यं 'प्रमाणभाषेपासूनचं विचलन' ह्या सदरात टाका."

"विचलन कुणाचं सर? आमची भाषा जिथे होती तिथेच आहे."

ते हसले. "भावनिक होऊ नका."

मी ती वाक्यं त्या सदरात टाकली नाहीत. प्रबंध परत आला. दुरुस्तीसाठी. अजून माझ्या ट्रंकेत आहे.

हे सगळं मी ज्या भाषेत लिहितेय ती त्यांचीच आहे, हे मला कळतं. मालवणीत लिहिलं असतं तर तुम्ही हसला असतात. किंवा वाचलंच नसतं. हेही लिहून ठेवा.

गेल्या वर्षी दुसरी सुनावणी लागली. कुंपण आता खाडीपर्यंत न्यायचं होतं. त्यात आमची घरं येतात. घरामागच्या माडांवर कुणी तरी येऊन लाल रंगाने आकडे घालून गेलं होतं. कधी, कुणी पाहिलं नाही.

अधिकारी नवा होता. तरुण, गोड बोलणारा. त्याने उठून मला नमस्कार केला. टेबलापलीकडे, स्वतःच्या शेजारी खुर्ची ओढली.

"मॅडम, तुमच्याबद्दल ऐकलंय. इथे बसा. गावकऱ्यांचं म्हणणं तुम्ही भाषांतर करून सांगा. त्यांचाच फायदा आहे."

पंखा फिरत होता. सगळी वाडी बघत होती. बाबा शेवटच्या रांगेत, खांबाआड.

"मी भाषांतर करणार नाही," मी म्हटलं. "ते बोलतील तसंच लिहा."

"कामकाज मराठीत चालतं, मॅडम."

"ही मराठीच आहे."

तो हसला. कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने पेन खाली ठेवलं.

मग आमच्या शेजारची जयवंती काकी उठली. डोक्यावर पाटी घेऊन मासे विकते ती. तिने माईक घेतला नाही. तिला लागत नाही.

"सायबानू, माझां नाव जयवंती. आदी तां लिवा. मगे मी काय बोलतंय तां लिवा. थंय आमची जाळी सुकतत. थंय माझ्या घोवाक जाळलो. थंयसून मी हलूचंय नाय."

घोव म्हणजे नवरा. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. कारकुनाने पेन उचललं नाही.

मी मालवणीत बोलायला लागले. आणि माझी जीभ अडखळली. इतकी वर्षं दाराबाहेर ठेवलेली भाषा, ती काय बोलावल्याबरोबर येते? मध्येच 'परंतु' आलं. मध्येच 'त्यामुळे' आलं. काकी खालच्या आवाजात मला शब्द पुरवत होती. लाज वाटली. तरी बोलले. शेवटपर्यंत बोलले.

मग कुणी तरी माईक मागे बाबाकडे नेला. रापणीचा म्होरक्या म्हणून. तो उठला. वाटलं, आता. आता बोलेल.

बाबाने माईक तोंडाशी धरला. समोर साहेब, समोर मी. आम्हा दोघांकडे बघून, अगदी स्वच्छ, पुस्तकासारखं बोलला,

"माझे काही म्हणणे नाही."

आणि बसला.

कारकुनाने पेन उचललं. ते वाक्य उतरवून घेतलं. बाबाचं पूर्ण नाव विचारून घेतलं, आडनावासकट. त्या दिवशी जसंच्या तसं लिहिलं गेलेलं ते एकच वाक्य.

उठताना हजेरीवर सह्या मागितल्या. मी कागद वाचला. 'उपस्थितांशी सविस्तर चर्चा करण्यात आली.' मी सही केली नाही. काकीने अंगठा दिला नाही. काहींनी दिला. घाबरले होते, त्यांना मी काय बोलू? अधिकारी दारापर्यंत माझ्यासोबत आला. हळूच म्हणाला, "प्राध्यापकीसाठी अर्ज केलाय ना तुम्ही? लहान जिल्हा आहे मॅडम. सगळे सगळ्यांना ओळखतात."

मुलाखतीचं पत्र आलं नाही.

आता मी काय करते ते सांगते. वाडीतल्या प्रत्येक घरात बसून मी हरकती लिहून घेतल्या. ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या तोंडच्या शब्दांत. प्रत्येकाचं नाव वर. लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवायचं. तो माणूस 'होय, ह्यांच म्हणतंय मी' म्हणाला की मगच अंगठा. बाबाने हरकत दिली नाही. मी मागितलीही नाही. त्याच्या वतीने बोलायचा हक्क मी गमावलाय, तो परत मागणार नाही.

तो गठ्ठा घेऊन सोमवारी मी तालुक्याच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या माणसाने दोन पानं उलटली आणि परत सरकवली.

"हे असं चालत नाही. शुद्ध मराठीत लिहून आणा. तुम्हाला येतं की."

"येतं. आणणार नाही. शिक्का मारा आणि पोच द्या."

"साहेब नाहीत."

"बसते."

पाचला त्यांनी खिडकी लावली. मंगळवारी परत गेले. शिपायाने बाक आत उचलून नेलं, मी जमिनीवर बसले. आज बुधवार. बाहेर पांढरी जीप उभी आहे, तिच्यातला माणूस सकाळपासून माझे फोटो काढतोय. दुपारी जयवंती काकी आली, रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसली. खिडकीतला माणूस आमच्याकडे बघत नाही.

गठ्ठा माझ्या मांडीवर आहे. त्यातला एक शब्द मी बदलणार नाही. पोच घेतल्याशिवाय उठणार नाही.