तेलाच्या पिप्यात टाकलेल्या गोळ्या

"हे कोणी लिहिलंय?" सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार डॉक्टरांनी आमचं पत्रक टेबलावर सरकवत विचारलं.

"मी," मी म्हणाले. एरवी हे सांगताना मान ताठ असायची.

बाहेर वॉर्डात आसगावच्या शेवंतामावशी पडून होत्या. उजवा हात गळ्यात बांधलेला. जीभ चावली गेलेली. आदल्या दिवशी धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू असताना त्यांना फिटचा झटका आला आणि त्या चिखलात तोंडावर पडल्या. शेजारच्या बायांनी केस धरून वर ओढलं नसतं, तर घोटाभर पाण्यात जीव गेला असता.

पत्रकावर मोठ्या अक्षरांत होतं : 'घबराटीची गोळी म्हणजे गुलामी. आजच फेका!'

मी दारूबंदीच्या कामातून संस्थेत आलेली. चिठ्ठी न बघता मेडिकलवाले अल्प्राझोलामच्या स्ट्रिपा हातात ठेवतात आणि बाया त्या वर्षानुवर्षं खातात, याचा मला संताप होता. आजही आहे. पण दारूची बाटली फोडतात तशी गोळीची स्ट्रिप फेकायची, ही अक्कल माझी. गावात सभा घ्यायची, मधोमध तेलाचा रिकामा पिपा ठेवायचा. एकेकीनं पुढे येऊन स्ट्रिप टाकायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

आसगावच्या सभेत मावशी सगळ्यात आधी उठल्या. नवरा गेल्यापासून त्यांची छाती धडधडायची. चार वर्षं मेडिकलमधली गोळी चालू होती. पण हातात स्ट्रिपा दोन होत्या.

"पोरी, हे दुसरी दवाखान्यातली हाय. डॉक्टरनं आत्ताच चालू केली. हे बी टाकू का?"

"गोळी ती गोळी, मावशी. टाका."

टाळ्या. मी फोटो काढला. तिसऱ्या दिवशी त्या चिखलात पडल्या.

"दुसऱ्या स्ट्रिपवरचं नाव वाचलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी कपाटातून तीन स्ट्रिपा काढल्या आणि शाळेतल्या पोरीला शिकवावं तसं मला शिकवलं.

पहिली अल्प्राझोलाम. तासाभरात घबराट उतरवते. क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही तिचीच भावंडं. थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली, उपयोगाची. रोज खात राहिलं की शरीर तिच्यावरच टेकून उभं राहतं. मग ती एकदम काढली, तर झोप उडते, हात कापतात, कुणाला झटकाही येतो. म्हणून तिचा डोस हळूहळू उतरवायचा, कधी कधी त्याला कित्येक महिने लागतात.

दुसरी एस्सिटॅलोप्राम. हिचा गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून लोकांना वाटतं की ही बिनकामाची. पण पहिलीसारखी तिची चटक लागत नाही आणि लांबच्या उपचाराला बहुधा हीच देतात. तीही आपल्या मनानं बंद करायची नाही.

तिसरी प्रोप्रानोलॉल. छातीची धडधड, हाताची थरथर आवरते. मनातली काळजी जिथल्या तिथं राहते. दम्याच्या माणसाला ती चालत नाही.

"दुसरी लागू पडली की पहिली मी उतरवणारच होतो," डॉक्टर म्हणाले. "बाई सुटायच्या रस्त्यावर होती. तुम्ही दोन्ही एकाच दिवशी काढून घेतल्या."

मेडिकलवाल्याला शिव्या घालायला मला तोंड उरलं नव्हतं. त्यानं निदान नाव वाचून स्ट्रिप दिली होती.

त्याच दिवसापासून पिप्यात गोळ्या टाकलेल्या बायांची घरं शोधत फिरले. कोणी दार लावून घेतलं, कोणी चहा पाजला. एकेकीला दवाखान्यात आणलं. दोघींचे हात कापत होते. आणखी कोणी पडलं नाही, हे नशीब. त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

नवं पत्रक लिहिलं. संस्थेचे सर वैतागले.

"एवढं लांब? घोषणा कुठाय?"

"घोषणा नाही सर. पहिली ओळ आहे, 'डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणतीही गोळी बंद करू नका.'"

"असं पत्रक कोणी काहून वाचेल?"

"नाही वाचलं तर नाही. पण वाचून कोणी पडणार नाही."

महिन्याभरानं मावशींच्या घरी गेले. खांद्याचं हाड जुळत होतं. दोन्ही गोळ्या पुन्हा चालू होत्या. पहिली आता ठरल्या बेतानं उतरणार होती.

"यंदाचा माहा रोवणा गेला," त्या म्हणाल्या. "दरसाली गाणं मीच काढतो. यंदा बाया मुक्यानंच रोवत होत्या म्हनते."

"मावशी, चुकलं माझं."

"माहीत हाय मले. तवा टाळ्या वाजल्या, त मलेही बरं वाटलं होतं." मग डाव्या हातानं नवं पत्रक घेऊन त्यांनी उलटंपालटं केलं. "पण आता मॅडम, तुझं पत्रक मी पयले डॉक्टरले दाखवीन. मंगच आयकीन."

हल्ली छापायला देण्याआधी मीही तेच करते.